प्रिंटरची वाट बघणारा कॉम्प्युटर

जून-जुलैत प्रवेशाचे अर्ज, दाखले, इन्कम टॅक्सचे रिटर्न असं सगळं एकदम येतं आणि त्याच्या मागोमाग माझ्याकडं प्रिंटरच्या तक्रारी येतात. या खेपेच्या टपालात मात्र प्रिंटर बिघडलाय असं कुणीच लिहिलेलं नाही. सगळ्यांचं म्हणणं, कॉम्प्युटर स्लो झालाय. प्रिंटरचं नाव पत्राच्या शेवटी, जाता जाता येतं. तोवर एकदोघांच्या गळ्यात कुणीतरी नवी रॅम मारूनही झालेली आहे! म्हणून हा अंक त्या पत्रांना दिला.

प्रश्न : ताई, मी शाहूपुरीत करसल्लागार आहे. ऑफिसात लॅपटॉप झकास चालतो. रात्री घरी, रंकाळ्याजवळ, तोच लॅपटॉप उघडला की एक्सेलची फाईल उघडेपर्यंत चहा करून पिऊन होतो. वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येतं, मग आपोआप सुरळीत. दुरुस्तीवाल्यानं हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, विंडोज नवं टाकलं. आठवडाभर बरं होतं, परत पहिले पाढे. आता मदरबोर्ड बदला म्हणतोय. ऑफिसात वायफायवर लेझर प्रिंटर आहे, घरी प्रिंटर नाही. बदलू का?
— करसल्लागार, शाहूपुरी

उत्तर : अजिबात नका. तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी दोनदा वाचलं. घरी प्रिंटर नाही, आणि दुखणं घरीच आहे.

एक्सेल काय किंवा वर्ड काय, तुम्ही छापा किंवा नका छापू, फाईल उघडताना डिफॉल्ट प्रिंटरची, म्हणजे वेगळं काही न सांगता प्रिंट ज्याच्याकडं जाते त्याची, चौकशी करतात. कागद केवढा, समास किती सोडायचा, पान कुठं तुटणार, हे त्यांना प्रिंटरच्या ड्रायव्हरकडून, म्हणजे विंडोज आणि प्रिंटरमधल्या दुभाष्या सॉफ्टवेअरकडून, कळतं. ऑफिसात तो प्रिंटर लगेच उत्तर देतो. घरच्या वायफायवर तो नाहीच. तरी विंडोज त्याच्या पत्त्यावर हाका मारत राहतं, बंद दुकानाचं शटर वाजवत उभं राहावं तसं. ठरावीक मुदत संपली की नाद सोडतं आणि फाईल उघडते. एवढा वेळ प्रोसेसर रिकामा, डिस्क रिकामी. पुढच्या वेळी अडकलं की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, आकडा पाच-दहा टक्क्यांवर रेंगाळताना दिसला तर समजा, मशीन कुणाची तरी वाट बघतंय. अशा वेळी एसएसडी काय करणार?

विंडोज नवं टाकल्यावर आठवडाभर बरं वाटलं, त्याचंही कारण हेच असावं. तेव्हा तो प्रिंटर अजून जोडलेला नव्हता, किंवा त्यावर पहिली प्रिंट गेली नव्हती. विंडोज १० आणि ११ मध्ये एक सोय आहे, ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’. ती चालू असली की ज्या प्रिंटरवर शेवटची प्रिंट दिली तो आपोआप डिफॉल्ट होतो. संध्याकाळी ऑफिसातून निघताना एक चलन छापलंत की रात्रीची सोय झालीच.

आता करायचं एवढंच. घरीच बसून, अडचण येत असतानाच, सेटिंग्जमध्ये ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ उघडा. वरची सोय बंद करा. यादीतून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडा आणि ‘सेट अॅज डिफॉल्ट’ म्हणा. हा प्रिंटर लॅपटॉपच्या आतच असतो, त्यामुळं तो घरीही हजर आणि गोव्यालाही हजर. एक्सेल बंद करून परत उघडा. फाईल पटकन उघडली तर चोर सापडला. मग हीच व्यवस्था कायमची ठेवा. ऑफिसात छापताना प्रिंटच्या चौकटीत लेझरचं नाव निवडायचं, एका क्लिकचं काम. नाही उघडली, तर दोष प्रिंटरचा नाही असं निदान कळलं तरी. मग मला परत लिहा. मदरबोर्ड तोवर राहू द्या.

त्याच यादीत जुनी भुतं असतील तीही काढून टाका. आधीच्या ऑफिसातले, क्लायंटकडं कधीतरी जोडलेले, नावापुढं ‘कॉपी १’ लागलेले. आणि एक्सेलची फाईल ‘पेज ब्रेक प्रीव्ह्यू’ किंवा ‘पेज लेआउट’मध्ये ठेवून सेव्ह करायची सवय असेल तर ती ‘नॉर्मल’वर आणा. त्या दोन्ही रूपांत प्रत्येक बदलाला पानांचा हिशोब नव्यानं मांडावा लागतो.

जाता जाता ऑफिसचंही सांगते, कारण हे दुखणं उद्या तिथंही येईल. लाईट जाऊन आली की राउटर कधी कधी प्रिंटरला नवा पत्ता देतो. काल १९२.१६८.१.५ होता, आज शेवटी ९. लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर हाका मारतो. राउटरमध्ये त्या प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवायला सांगा आणि प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या ‘पोर्ट्स’मध्ये तोच आहे ना बघा. प्रिंटर चालू असून ‘ऑफलाइन’ दिसत असेल तर तिथंच ‘कॉन्फिगर पोर्ट’मध्ये ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ची खूण काढून बघा. पुष्कळदा तेवढ्यानंच भागतं.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत चार काउंटर आहेत आणि पासबुक छापायचा प्रिंटर एकच. तो पहिल्या काउंटरच्या कॉम्प्युटरला यूएसबीनं जोडलाय, बाकीच्यांना शेअर केलाय. पहिल्या काउंटरवरच्या मॅडम जेवायला गेल्या की बाकी तिन्ही काउंटर रखडतात. सभासद म्हणतात, सर्व्हर डाऊन आहे काय? मॅडम आल्या की सगळं सुरू. आता सगळे त्यांना चिडवतात.
— एक लिपिक, कागल

उत्तर : मॅडमना चिडवायचं थांबवा, त्यांच्या कॉम्प्युटरला झोप लागते. माणूस उठून गेला, माउस हलला नाही की ठरलेल्या वेळानं विंडोज ‘स्लीप’मध्ये जातं. तो झोपला की त्याला जोडलेला पासबुक प्रिंटर बाकीच्यांच्या लेखी गायब. त्यांच्याकडं डिफॉल्ट तोच असणार, म्हणून तिघांची मशीनं त्याचा शोध घेत बसतात.

पहिल्या काउंटरवर सेटिंग्जमध्ये ‘पॉवर’ उघडा आणि स्लीप ‘नेव्हर’ करा. स्क्रीन बंद व्हायची वेळ हवी तेवढी ठेवा. स्क्रीन काळी झाली तरी कॉम्प्युटर जागा असतो, त्यानं काही अडत नाही. उठून जाताना विंडोजची कळ आणि एल दाबून कुलूप घालायचं. पैशाचं काम आहे, ते तर सगळ्याच काउंटरवर केलं पाहिजे. मॅडम रजेवर असल्या तरी त्यांचा कॉम्प्युटर सकाळी चालू करायची जबाबदारी कुणाला तरी द्या. पुढं पैसे मंजूर झाले तर नेटवर्कची तार थेट लागणारा प्रिंटर घ्या, किंवा आहे त्यालाच छोटा प्रिंट सर्व्हर, म्हणजे यूएसबीचा प्रिंटर थेट नेटवर्कला जोडणारा डबा, लावा. घेण्याआधी तुमच्या प्रिंटरला तो चालतो का, हे विचारून घ्या. पासबुकवाले प्रिंटर जरा हट्टी असतात.

शेअर केलेल्या प्रिंटरचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधली, म्हणजे छपाईची कामं रांगेत लावणाऱ्या सेवेतली, ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची मोठी त्रुटी उघड झाली. ती बुजवणारे अपडेट आल्यावर पुष्कळ ठिकाणी शेअर केलेले प्रिंटर चालेनासे झाले. मग कुणी अपडेटच बंद करून ठेवले, कुणी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत, हात घालून संरक्षण काढून टाकलं. सभासदांचे पैसे सांभाळणाऱ्या संस्थेनं असलं काही करू नये. २०१० साली गाजलेला स्टक्सनेट व्हायरस ज्या वाटांनी पसरायचा त्यातली एक वाट स्पूलरचीच होती. चारही मशीनं सारखी अपडेट करा. एक नवं आणि तीन जुनी असली की तक्रारी जास्त येतात.

प्रश्न : माझं कसबा बावड्यात ई-सेवा केंद्र आहे. परवा एका मुलाच्या दाखल्याची प्रिंट अडकली. डिलीट केली तर ‘डिलीटिंग’ असं लिहून तशीच बसली. कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, प्रिंटर बंद-चालू केला, काही उपयोग नाही. पंखा घरघर करतो, ब्राउझरसुद्धा हळू. बाहेर रांग. फॉरमॅट मारू का?
— केंद्रचालक, कसबा बावडा

उत्तर : फॉरमॅट हा आपल्याकडं रामबाण समजला जातो, डोकं दुखलं तरी फॉरमॅट. इथं दहा मिनिटांचंही काम नाही.

छापायला दिलेलं काम थेट प्रिंटरकडं जात नाही. आधी ‘प्रिंट स्पूलर’ नावाची सेवा ते डिस्कवर लिहून ठेवते, मग प्रिंटरला थोडं थोडं देते. रीस्टार्ट करूनही अडकलेलं काम उठून बसतं ते यामुळंच. ते डिस्कवर आहे, वीज गेली तरी पुसलं जात नाही. त्यातली एखादी फाईल अर्धवट लिहिली गेली असेल तर स्पूलर तीच परत परत उचलायला जातो आणि कॉम्प्युटरला दमवतो.

स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ टाइप करा. यादीत ‘प्रिंट स्पूलर’ शोधून उजवं क्लिक, ‘स्टॉप’. ती खिडकी उघडीच ठेवा. आता सी ड्राइव्ह, त्यात विंडोज, त्यात सिस्टम ३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स. परवानगी मागेल, ‘कंटिन्यू’ म्हणा. आत जोडीजोडीनं फाईली दिसतील. एसपीएल शेवट असलेल्या फाईलीत छापायचा मजकूर असतो आणि एसएचडीत त्या कामाचा तपशील, म्हणजे कुणी दिलं, किती प्रती, कोणता प्रिंटर. सगळ्या उडवा. फोल्डर उडवू नका, आणि शेजारच्या ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरकडं बघूसुद्धा नका. मग परत त्या खिडकीत येऊन ‘स्टार्ट’. रांगेतली बाकीची कामंही जातील, ती परत द्यावी लागतील. तेवढं बाहेरच्या मंडळींना सांगा.

तुमच्यासाठी याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये ‘अॅडव्हान्स्ड’ उघडा. तिथं ‘कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स’ला खूण आहे का? असली तर आजवर छापलेलं प्रत्येक कागदपत्र डिस्कवर साठत चाललंय. कॉम्प्युटर मंद होणं सोडा, लोकांची आधार कार्डं, उत्पन्नाचे दाखले, बँकेची पासबुकं तुमच्या सी ड्राइव्हमध्ये पडून आहेत आणि तुम्हाला पत्ता नाही. ती खूण आजच काढा. डाउनलोड्स फोल्डरही रोज दुकान बंद करताना रिकामा करा. लोक आपल्याकडं विश्वासानं कागद देतात.

प्रश्न : महाद्वार रोडला आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, उद्घाटनाची निमंत्रणं, दुकानांची बिलबुकं. पत्रिकेची पीडीएफ जेमतेम दोन एमबीची असते, पण प्रिंट दिली की कॉम्प्युटर गार. पाच मिनिटं माउस हलत नाही. रॅम ४ जीबी आहे. तुम्ही तर रॅम टाकू नका म्हणता.
— डीटीपी ऑपरेटर, महाद्वार रोड

उत्तर : मी उगाच टाकू नका म्हणते. तुम्ही टाका.

तुमचा प्रकार वर लिहिलेल्यांपेक्षा वेगळा आहे. त्यांचा कॉम्प्युटर रिकामा बसलेला असतो, तुमचा घाम गाळतोय. पीडीएफ दोन एमबीची असली तरी छापताना तिचे ठिपके करावे लागतात. हिशोब करून बघा. ए-४ पान ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) २४८० गुणिले ३५०८, म्हणजे ८७ लाख ठिपके. रंगीत असेल तर प्रत्येकाला तीन बाइट, झाले २६ एमबी. ६०० डीपीआयला त्याच्या चौपट, १०४ एमबी. हे एका पानाचं, तेही दाबून लहान न करता. त्यात पत्रिकेवर गणपतीच्या मागं सोनेरी प्रकाश, अक्षरांना सावली, कडेनं पारदर्शक मोराची पिसं. प्रत्येक थराखाली काय आहे ते काढून मिसळत बसावं लागतं.

आणि हे सगळं करतं कोण? महाग प्रिंटरमध्ये स्वतःचा प्रोसेसर आणि मेमरी असते, तो पान स्वतः रचतो. घरगुती आणि छोट्या दुकानांतले बरेचसे स्वस्त प्रिंटर हे काम कॉम्प्युटरवर ढकलतात. म्हणून प्रिंटर स्वस्त पडतो आणि कॉम्प्युटर गार पडतो. घेताना हे कुणी सांगत नाही.

रॅम ८ जीबी करा, १६ झाली तर उत्तमच. पण त्याआधी सी ड्राइव्हवर किती जागा उरलीय ते बघा. स्पूलरच्या फाईली तिथंच जातात आणि तुमच्यासारख्यांचा सी ड्राइव्ह फॉन्ट आणि जुन्या पत्रिकांनी काठोकाठ भरलेला असतो. पंधरा-वीस जीबी मोकळे असू द्या. प्रूफ दाखवायची प्रिंट ६०० वर कशाला? नवरामुलाच्या काकांना नाव बरोबर आहे का एवढंच बघायचं असतं, ३०० पुष्कळ झालं. एखादी फाईल फारच छळत असेल तर अॅक्रोबॅटच्या प्रिंट चौकटीत ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिंट अॅज इमेज’ निवडून बघा. अक्षरांच्या कडा थोड्या मऊ होतील, प्रूफला चालतं. अंतिम छपाईला नको.

टास्क मॅनेजरमध्ये ‘एसपीएलडब्ल्यूओडब्ल्यू ६४’ असं काहीतरी दिसेल. व्हायरस समजून घाबरू नका. ३२ बिटच्या जुन्या सॉफ्टवेअरची प्रिंट ६४ बिटच्या ड्रायव्हरपर्यंत नेणारा तो विंडोजचाच दुवा आहे.

प्रश्न : आमचं उद्यमनगरात मशीन शॉप आहे. ऑफिसात कॉम्प्युटर, यूपीएस आणि लेझर प्रिंटर. चलन छापायला दिलं की कधी कधी कॉम्प्युटर फाटकन बंद होतो आणि परत सुरू होतो. व्हायरस असेल का?
— उद्योजक, शिवाजी उद्यमनगर

उत्तर : प्रिंटरची पिन यूपीएसमध्ये खोचलीय का? खोचलेली असणार. लेझर प्रिंटर शाईची पूड कागदावर वितळवून चिकटवतो, त्यासाठी आतला रोलर २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतो. तो तापताना काहीशे वॅट ओढतो, काही मॉडेल क्षणभर हजाराच्या घरात जातात. कॉम्प्युटरसोबत मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. त्याला ते झेपत नाही आणि तो सगळ्यांचाच पुरवठा तोडतो. प्रिंटर भिंतीतल्या सॉकेटला लावा, यूपीएसवर फक्त कॉम्प्युटर आणि मॉनिटर. शॉपमधल्या मोठ्या मोटारी ज्या फेजवर आहेत त्यावर ऑफिस नको, हे तुमच्या वायरमनला मी सांगायला नको. अर्थिंग मात्र एकदा तपासून घ्या.

प्रश्न : मार्केट यार्डात आमची गुळाची अडत आहे. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधनं डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर बिल काढतो. इंग्रजी बिलसुद्धा एकेक ओळ कुथत येतं आणि तोवर कॉम्प्युटरवर दुसरं काम होत नाही. शेजारच्या गाळ्यात हाच प्रिंटर धडाधडा चालतोय की!
— अडत व्यापारी, मार्केट यार्ड

उत्तर : शेजारच्याचं सेटिंग बघून या. टॅलीत छापण्याचे प्रकार असतात. ‘नीट’ प्रकारात अख्खं बिल चित्र म्हणून जातं आणि बिचारी सुई ते रेघारेघांनी रंगवत बसते. छापताना तो बदलून ‘डॉट मॅट्रिक्स’ किंवा ‘क्विक/ड्राफ्ट’ करा. मग नुसती अक्षरं जातात आणि प्रिंटर आपल्या पोटातल्या फॉन्टनं ती छापतो. दिसायला साधं, पण गाडी भरून उभी असताना नक्षी कोण बघतो? मराठी बिलाला ही युक्ती चालणार नाही. बहुतेक प्रिंटरच्या पोटात देवनागरी नसते, त्यामुळं मराठी चित्र म्हणूनच जाणार. शेतकऱ्याची पट्टी मराठीत हवी असेल, आणि ती असावीच, तर ती लेझरवर काढा.

प्रश्न : प्रिंटरची यूएसबी लावलेली असली की माझा कॉम्प्युटर सकाळी कंपनीच्या लोगोवरच अडकतो. वायर काढली की सुरू होतो.
— विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : प्रिंटरला मेमरी कार्डची खाच आहे का? असली तर कॉम्प्युटर तिला पेन ड्राइव्ह समजून तिच्यात विंडोज शोधत बसत असेल. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, जाऊन सुरू होण्याच्या क्रमात आतली डिस्क पहिली करा आणि यूएसबीवरून सुरू व्हायची सोय बंद करा. तरी अडकला तर वायर बदलून बघा. यूएसबीची साधी वायर ५ मीटरपेक्षा लांब चालत नाही, जोडून जोडून लांबवली असेल तर तीच काढा. आणि वायर रोज वेगळ्या खाचेत लावू नका. विंडोज पुष्कळदा त्याला नवा प्रिंटर समजतं आणि ‘कॉपी १’, ‘कॉपी २’ अशी रांग लागते. मग प्रिंट जाते भलत्याच कॉपीवर, आणि तुम्ही लिहिता की प्रिंटर बिघडला.